गावात काही नाही म्हणे!

डिसेंबर आला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "अमरावतीला येतोय, पाहण्यासारखं काय आहे हो?" आणि आपण वऱ्हाडी मंडळी ठरलेलं उत्तर देतो, "गावात काही नाही जी, चिखलदऱ्याला जा." मला या उत्तराचा भयंकर राग येतो.

चिखलदरा सुंदरच आहे. पण गावात काही नाही? पेंढाऱ्यांच्या लुटीपासून वाचायला निजामाच्या काळात बांधलेला दगडी परकोट अजून जागोजागी उभा आहे. अंबा गेटमधून आपण रोज स्कूटर काढतो, मान मात्र वर करत नाही. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं, अध्यक्ष होते मलबारचे शंकरन नायर. गाडगेबाबांची समाधीही इथेच. २० डिसेंबर ही त्यांची पुण्यतिथी. अकोलेकर तरी कुठे वेगळे? मोर्णेकाठी असदगड, बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांनी बांधलेली छत्री, तरी सल्ला एकच... "शेगाव करा अन् परत जा."

कोणी म्हणेल, धड पाटी नाही, स्वच्छता नाही, पाहुण्यांना दाखवायचं काय? मी म्हणतो, उलट आहे. जे कोणी पाहायलाच जात नाही, त्याच्यासाठी कोणी भांडतही नाही. उद्या परकोटाचे दगड निखळले तर विचारणार कोण?

तेव्हा मंडळी, यंदा पाहुणे आले की सकाळच्या उन्हात आधी परकोट, मग गिला वडा, मग संत्री. चिखलदरा दुसऱ्या दिवशी. डोंगर कुठे पळून जात नाही, परकोटाचा मात्र भरवसा नाही.