घरचे दफ्तर, दोन किल्ल्या

पूर्वी जुन्या घरात एक दफ्तर असे. शाळेचे नव्हे, माजघरातल्या फडताळात किंवा माळ्यावरच्या पेटीत रुमालात बांधून ठेवलेले. जमिनीची खते, वाटणीपत्रे, पत्रिका, लग्नाच्या याद्या, कुणाला किती उसने दिले त्याची टिपणे, असा सगळा संसार त्या कापडात असे. वि. का. राजवाडे असल्याच दफ्तरांसाठी गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कुणाच्या तरी माळ्यावर कागद टिकले, म्हणून आपल्याला इतिहास मिळाला.

आज हे दफ्तर कुठे आहे? शिरूरच्या शेतकऱ्याचा डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलमध्ये, दौंडच्या रेल्वेवाल्याचे पेन्शनचे कागद ई-मेलमध्ये आणि नातीच्या बारशाचे फोटो ‘क्लाउड’वर. क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आभाळात नसतो, कुणाच्या तरी मालकीच्या इमारतीतल्या संगणकांत असतो. तिथे आपण भाडेकरू, आणि भाडेकराराच्या अटी मालक ठरवतो. गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरणही लागू केले. यात फसवणूक काही नाही, नियम जाहीर आहेत. पण बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला एक फरक जाणवतो. दहा वर्षे पडून राहिलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, तरी वारसाचा हक्क बुडत नाही. कागद घेऊन या, पैसे मिळतात. पुसलेल्या खात्यातला आईचा फोटो मात्र कोणत्याही अर्जाने परत येत नाही.

म्हणून आमच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी घरचा सर्व्हर मांडला. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. राउटरशेजारी ठेवलेली डब्याएवढी पेटी, तिला ना पडदा ना की-बोर्ड. आत दोन हार्ड डिस्क आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. घरातल्या कोणत्याही संगणकाला या पेटीतले फोल्डर आपलेच वाटावेत, ही किमया ‘सांबा’ नावाच्या प्रोग्रॅमची. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास तो लिहिला आणि जगाला वाटून टाकला. विजेचाही हिशेब केला. पंधरा वॅटची पेटी चोवीस तास चालली तर महिन्याला सुमारे अकरा युनिट होतात. साठ वॅटचा जुना संगणक तेच काम करताना त्रेचाळीस युनिट खाईल. म्हणून अडगळीतला संगणक अडगळीतच राहिला.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो आणि तो बदलूही शकतो. सर्व्हरचा नंबर मात्र कायमचा बांधून द्यावा लागतो. रोज घर बदलणाऱ्याला पोस्टमन पत्र देणार कसे? मग प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड. शेतीचे कागद सर्वांना दिसतात, पण बदलता येतात दोघांनाच. सूनबाईचे फोल्डर तिचेच. सासऱ्याला तिथे प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. पाहुण्यांच्या फोनला आणि टीव्हीला वायफाय वेगळे, म्हणजे ओसरीवरचा माणूस माजघरात शिरत नाही. वीज गेलीच तर छोटा यूपीएस पेटीला रीतसर बंद व्हायला वेळ देतो.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. एक जळाली तर दुसरी तारते, पण हातून फाइल पुसली गेली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. आग, चोरी आणि पूर तर दोन्ही डिस्क एकदम नेतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत संसारांबरोबर किती घरांचे कागद वाहिले असतील! शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. बँकेत दिवसअखेरीची संगणकाची प्रत शाखेबाहेर ठेवण्याचा दंडक होता, तोच घरी लावला. पुतण्या दौंडला रेल्वेत आहे. रोज रात्री आमच्या पेटीत जे बदलले तेवढेच त्याच्या पेटीत जाते, आणि त्याचे आमच्याकडे येते. ही वाहतूक खासगी, कुलूपबंद वाटेने होते. पेटी इंटरनेटवर सताड उघडी ठेवू नये. २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशा उघड्या ठेवलेल्या पेट्यांतल्या फाइलींना कुलपे घालून पैसे मागितले होते.

इथवर सगळे तंत्र झाले. ते पुतण्याला येते, शेजारच्या मुलालाही येईल. खरा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला, “तुम्ही दोघे नसलात तर हे उघडणार कोण?”

या प्रश्नापुढे कंपनीचा ढग काय आणि घरची पेटी काय, सारखेच. बहुतेक घरांत यंत्राची माहिती एका पुरुषाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबरच ती जाते. नवऱ्याच्या मागे पासबुक शोधत, डोळे पुसत बँकेत आलेल्या किती बायका मी काउंटरपलीकडून पाहिल्या! पैशांसाठी निदान नामनिर्देशनाची सोय आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँक खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. घरच्या दफ्तराला नॉमिनी कोण?

तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, ते अविश्वासापोटी नव्हे. एक जण आजारी पडला, गेला, तरी किल्ल्यांचा ताबा रीतसर दुसऱ्याकडे देऊन व्यवहार चालू राहावा, हाही त्यात हेतू असे. आमच्या पेटीची पूर्ण अधिकाराची दुसरी किल्ली आता पत्नीकडे आहे. पासवर्ड आणि पायऱ्या वहीत मराठीत लिहिल्या आहेत, वही दागिन्यांशेजारी असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दौंडच्या प्रतीतून कुठलीही एक फाइल परत आणून दाखवते. बँकेतली अचानक तपासणीच म्हणा. मी जवळ बसतो, पण बोलत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. एकाच माणसाला उघडता येणारा सर्व्हर घरात आणण्यापेक्षा कंपनीला भाडे द्यावे. दोघे शिकायला तयार असतील तर मात्र आपले दफ्तर आपल्या छपराखाली आणावे. ज्यांना पेटीची खटपट नको, त्यांनी दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक माहेरी. दिवाळी-उन्हाळ्यात अदलाबदल करावी. रुमाल कापडाचा असो की लोखंडाचा, त्याची गाठ घरातल्या दुसऱ्या हाताला सोडता आली पाहिजे.