जात सोबत येते, हक्क मात्र वेशीवरच अडतो!

गाव सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. 1972च्या दुष्काळात आमच्या कितीतरी कुटुंबांनी मराठवाडा सोडून पुण्याच्या वस्त्या गाठल्या. स्थलांतर हा आमच्यासाठी मुक्तीचा मार्ग आहे.

मग आज कलबुर्गी, यादगीरहून येऊन पुण्याच्या बांधकामांवर राबणारा मादिग समाज आम्हाला परका का वाटतो?

त्याची मुलगी पुण्यात जन्मते, पुण्यातच शिकते. पण महाराष्ट्राचे जातप्रमाणपत्र मागितले की 10 ऑगस्ट 1950 पूर्वी बापजादे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. वडिलांच्या मूळ राज्याच्या दाखल्यावर तिला केंद्राच्या नोकरीत सवलत मिळते. महाराष्ट्राच्या राखीव जागा मिळत नाहीत. कलम 341 ची यादी राज्यनिहाय आहे, हे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात आणि 2018 मध्ये बीर सिंग खटल्यात हेच कायम केले.

पण खोली भाड्याने देणारा मालक यादी पाहतो का? तो आडनाव विचारतो, अंदाज बांधतो आणि नकार देतो. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटले की अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण राज्याची सीमा ओलांडूनही लागू राहते. म्हणजे जात माणसासोबत प्रवास करते, हे न्यायालयानेच मान्य केले. अत्याचार सोबत येतो, मग संधी का येत नाही?

काही कार्यकर्ते म्हणतात, "त्यांना दिले तर आपला वाटा कमी होईल." ही भीती खोटी नाही. जागा आधीच तुटपुंज्या आहेत, खासगीकरणाने त्या आणखी आटल्या आहेत. पण म्हणून भाकरी लहान का, हे सरकारला विचारायचे सोडून उपाशी माणसालाच पंगतीतून उठवायचे?

आमची मागणी स्पष्ट आहे. स्थानिकांच्या वाट्याला हात न लावता स्थलांतरित अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याने वेगळी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या वाढीव जागा द्याव्यात.

महूला जन्मलेले बाबासाहेब 1946 मध्ये बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या आपल्या बांधवांनी त्यांना परप्रांतीय म्हटले नाही. आपण तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

जय भीम!