कातडीवरची पट्टी आणि मावळची सांधेदुखी

आषाढात मावळात भातलावणी सुरू होते. पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यात आमच्या आयाबहिणी दिवसभर चिखलात कमरेत वाकून राबतात. लोणावळ्याला पाऊस बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा यातल्या कित्येकींची बोटे सुजलेली असतात. सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर ‘वयोमानाने होतेच’ म्हणून सोडून देऊ नका. तो आमवात असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक गाठतो.

कातडीतून औषध देणाऱ्या पट्टीचा हल्ली बराच बोलबाला आहे. पट्टी तशी जुनीच. प्रवासातल्या मळमळीवरची पट्टी अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाली. डायक्लोफिनॅकची पट्टी दुखऱ्या सांध्यावर लावली की औषध तिथेच झिरपते, रक्तात फार थोडे जाते. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या गिळून जठराला व्रण पाडून घेणाऱ्या मजूर बाईची ही मोठी सोय आहे, हे मान्य केलेच पाहिजे. (भिजलेल्या अंगावर ती चिकटून राहणार कशी, हा प्रश्न वेगळा!)

परंतु ही पट्टी दुखणे दाबते, आजार थांबवत नाही. आमवात रोखणारे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. ते कातडीतून सहज उतरत नाही. महागड्या जैविक औषधांचे रेणू तर इतके मोठे की कातडीचा वरचा मृत थर त्यांना अडवतोच. म्हणून अतिसूक्ष्म सुयांच्या पट्ट्यांवर संशोधन चालू आहे. ते यशस्वी होवो. तोवर आमच्या बाईने काय करायचे? आठवडे बाजारातल्या बिननावाच्या पुड्या घ्यायच्या? अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. चार दिवस आराम पडतो, मग हाडे ठिसूळ होतात.

मेथोट्रेक्सेट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. अडते ते वेळेवर निदान आणि नियमित रक्ततपासणीपाशी. संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. मार्गदर्शक तत्त्व म्हणून ते कोर्टात मागता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला १९९६ चा पश्चिम बंग खेतमजूर समितीचा निकाल दाखवा. तातडीच्या उपचारांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ व्या कलमाचा आधार घेतला आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे बजावले. तो खटलाही शेतमजुरांच्याच संघटनेने लढवला होता.

तेव्हा येत्या ग्रामसभेत लेखी ठराव मांडा: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सांधेदुखीची तपासणी ठरलेल्या वारी व्हावी, रक्ततपासणी आणि औषध मोफत मिळावे. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका.