माशीच्या अभ्यासाचे मोल

परभणीसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात कीटकांचा अभ्यास म्हटला की तो कीड मारण्यासाठीच, असे गृहीत धरले जाते. आणि त्यात वावगे काही नाही. परंतु सर्वच संशोधन या एका मापाने मोजावयाचे ठरविले, तर १९८० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत फळमाशीच्या गर्भाची वाढ न्याहाळणाऱ्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड यांना कोणत्या अर्थखात्याने पैसा मंजूर केला असता? माशीची पाठ कोणती व पोट कोणते, हे ठरविण्यात ज्याचा वाटा आहे अशा एका जनुकास त्यांनी ‘टोल’ हे नाव दिले. जर्मन भाषेतील तो आश्चर्योद्गार. आपल्या नाक्यांशी त्याचा संबंध नाही!

ते जनुक बिघडलेल्या माशा बुरशीच्या संसर्गाने मरतात, असे १९९६ मध्ये झ्यूल हॉफमान यांच्या स्ट्रासबुर्ग येथील प्रयोगशाळेत दिसून आले. पुढच्याच वर्षी मेझितोव्ह व जेनवे यांनी मानवी पेशींत तसाच ग्राही दाखविला. शरीरात शिरलेला जंतू परका आहे, हे प्रथम ओळखणारे हे पहारेकरी. माणसात ते दहा प्रकारचे. काही पेशीच्या पृष्ठभागावर, तर काही आत. हॉफमान यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले. जेनवे २००३ मध्येच निवर्तले होते.

याच जेनवे यांनी १९८९ मध्ये एक कबुली दिली होती. प्रयोगात लस लागू पडावी म्हणून तीत तुरटीसारखी सहायक द्रव्ये मिसळावी लागतात. ती का लागतात हे कोणी सांगत नाही. या मौनाला त्यांनी आपल्या शास्त्राचे ओशाळवाणे गुपित म्हटले. माशीने ते गुपित बरेचसे उलगडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून सिद्ध झालेल्या, जानेवारी २०२१ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळालेल्या कोव्हॅक्सिनमधील सहायक द्रव्य याच कुळातील दोन ग्राहींना जागे करते. विषाणू पुण्यात वेगळा झाला, लस हैदराबादेत बनली. त्या द्रव्याच्या संशोधनाला मात्र पैसा अमेरिकन सरकारने पुरविला होता.

जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतात, तेथे माशीवर खर्च कशाला, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण टँकरचा पैसा माशीने खाल्लेला नाही. २०२०-२१ मध्ये देशाने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे अवघे ६४ पैसे खर्चिले, आणि त्यातही मूलभूत संशोधन हा एक हिस्सा. ज्याचे फळ कोणत्याही एका कारखानदाराच्या पदरात पडत नाही, त्यात बाजार पैसा घालत नाही. तो सरकारनेच घालावा लागतो. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते याच हिशेबाने.