टर्बोसाठीं इंजिन कोणतें बांधावें?

कुर्ल्यांतील मुलांना मोटारींचें वेड असावें, ह्यांत नवल कांहींच नाहीं. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या येथील कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली गाडी बाहेर पडली, आणि पुढें फियाट ११०० व पद्मिनी ह्यांनीं मुंबईचे रस्ते व्यापून टाकिले. कारखाना गेला, शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. परंतु सी. एस. टी. रोडवरील जुन्या सामानाचीं दुकानें अजून आहेत, आणि जुन्या गाडीला टर्बो बसवावयाचा तर इंजिन कोणतें घ्यावें, हा वाद आमच्या होतकरू वाचकांत नेहमीं चाललेला असतो. त्या वादांत आम्हीही आमचें मत मांडूं इच्छितों.

टर्बोची युक्ति साधी आहे. इंजिनांतून फुकट जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरतें, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. समुद्रकांठीं हवेचा दाब सुमारें एक बार असतो. त्यावर अर्धा बार चढविला, कीं कागदावर दीडपट हवा व दीडपट शक्ति. प्रत्यक्षांत कांहीं कमी, कारण दाबलेली हवा तापते. आणि तापलेल्या हवेनें पेट्रोल भलत्याच वेळीं आपोआप पेटूं लागलें, तर इंजिनांतून हातोडीसारखे ठोके ऐकूं येतात. ते तसेच चालूं दिले तर पिस्टनला भोंक पडावयास वेळ लागत नाहीं.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, अश्वशक्तीचा आंकडा मागाहून पाहावा. प्रथम इंजिनाचा तळ पाहावा. आपल्याच कारखान्याचीं दोन इंजिनें घ्या. पद्मिनीचें १०८९ घनसेंटिमीटरचें, आणि १९८५ सालीं आलेल्या ११८ एन. ई. गाडीचें निसान जातीचें ११७१ चें. आकारांत अंतर अवघें ८२ चें! पण पहिल्याचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर तोललेला आहे, दुसऱ्याचा पांचांवर. लांब फळी तीन खुंट्यांवर ठेवून तिजवर नाचावें कीं पांचांवर, हें मुलांना सांगावयास नको. पद्मिनीच्या इंजिनानें शेंकडों टॅक्सीवाल्यांचीं बिऱ्हाडें चालविलीं; तिचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर दुप्पट ओझें देणें हा कांहीं त्याचा गौरव नव्हे. आमची पसंती निसानला.

कोणी म्हणेल, एवढ्या जुन्या ब्लॉकावर काय उभें राहणार? १९८३ सालीं नेल्सन पिके ह्यानें ज्या ब्रॅबम गाडीनें शर्यतींचें जागतिक अजिंक्यपद जिंकलें, तिचें दीड लिटरचें बी. एम. डब्ल्यू. टर्बो इंजिन १९६२ च्या एका साध्या घरगुती मोटारीपासून चालत आलेल्या लोखंडी ब्लॉकावरच बांधलेलें होतें. तोही पांच बेअरिंगांचाच. टर्बो इंजिनानें मिळविलेलें तें चालकांचें पहिलें अजिंक्यपद होय.

मोडीतल्या नव्या गाडीचें तयार टर्बो इंजिन आणून बसवावें, असाही एक पक्ष आहे. ज्यास केवळ वेग हवा त्यानें तें खुशाल करावें. मात्र त्याबरोबर त्याचा संगणक, तारांचें जाळें व नवा गिअरबॉक्सही आणावा लागतो, आणि शिकावयास थोडेंच उरतें.

पालकांना एक विनंति. मुलानें टर्बोसाठीं पैसे मागितले, तर एकदम नकार देऊं नये. ब्लॉकाला तडा आहे काय, बोअर मापून घेतला काय, दाबाचें प्रमाण कमी करणारे पिस्टन कोठें मिळतील, हें आधीं विचारावें. मग ब्रेकांकडे वळावें, कारण पद्मिनीचे चारही ब्रेक जुन्या ड्रमचे, आणि ते तिच्या मूळच्या वेगापुरतेच केलेले. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें इंजिन बदलण्यास आर. टी. ओ. ची परवानगी लागते. तो अर्ज टर्बो विकत घेण्यापूर्वीं करावा.