आधी आपल्या माणसांचे लाइक घालवा

हिंदुत्वाची बाजू मांडणाऱ्या स्तंभलेखकांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्या भित्रेपणावर. सावरकरांचं नाव घेतल्याशिवाय यांचा लेख संपत नाही. पण सावरकरांनी लिहिलं काय? गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे. १९३०च्या दशकात ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांनी पोथीनिष्ठेची चिरफाड केली. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं, तेव्हा खवळले ते सनातनी हिंदूच. म्हणजे सावरकरांनी दुखावलं ते स्वतःच्याच माणसांना. आजचे लेखक मात्र ग्रुपवर आधीच फिरलेलं मत पुन्हा लिहितात आणि स्वतःला निर्भीड म्हणवतात. विरोधकाला झोडपायला कसलं आलंय धैर्य? एकदा आपल्याच वाचकांचे लाइक घालवून दाखवा. मग खुशाल सावरकरांचं नाव घ्या.