वॉरंटी जाईल का? आधी पुस्तक तर उघडा!

मागच्या दिवाळीला आमच्या घरी नवी गाडी आली. पेढे संपले, हप्ते सुरू झाले आणि बघता बघता ऑइल बदलायची वेळ आली. लगेच घरात दोन पक्ष पडले. पप्पा म्हणाले, "शोरूमलाच न्यायची. बाहेरच्यानं हात लावला की वॉरंटी गेली." काका म्हणाले, "एवढं बिल कशाला? आपल्या गॅरेजवाल्याकडं कुठलंही चांगलं ऑइल टाकू, झालं!" तुमच्याही घरी असंच चालू असेल. माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे चूक आहेत.

आधी पप्पांची भीती. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण होतं सुट्या भागांची आणि दुरुस्तीची अडवणूक. त्याच आदेशात आयोगानं सांगितलं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या याविरुद्ध कोर्टात गेल्या, वाद लांबला. पण आपण निदान प्रश्न तरी विचारायला शिकलं पाहिजे.

आता काकांचं 'कुठलंही चांगलं ऑइल'. इथं मात्र खरा धोका आहे. डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती पटकन वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती घट्ट राहतं ते. तुमच्या इंजिनाला जो आकडा सांगितलाय, तोच पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं त्यात ओतलं, तर डीपीएफ हळूहळू चोंदतो. मग कंपनीनं हात वर केले तर दोष कुणाचा?

फिल्टरचंही तेच. ऑइल बदललं की ऑइल फिल्टरही बदला, दोनशे-तीनशे रुपये वाचवू नका. आणि एअर फिल्टर? आपल्या बीडमध्ये उसाचा सीझन आला की ट्रॉल्यांमागं धुळीचे लोट. त्यात शेतरस्ते. धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर तपासा, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही एवढंच.

मग करायचं काय? फ्री सर्व्हिस आहेत तोवर शोरूमलाच जा, मजुरी तरी वाचते. पण तिथंही ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात, म्हणून कोणतं टाकलं ते विचारा. बाहेर जाणार असाल, तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा. पुस्तकात आकड्यासोबत एपीआय किंवा एसीईएचा दर्जा दिलेला असतो, तो डब्यावर जुळवून बघा. सीलबंद डबा आपल्या समोर उघडायला लावा. आणि पक्कं बिल घ्याच! त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा नंबर पाहिजे. लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तरीही दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, बीडला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

ओळखीतल्या माणसाला बिल मागायला आपल्याकडं लाज वाटते. पण सात वर्षं हप्ते भरायचेत, तिथं कसली लाज? घरातले ऑनलाइन फॉर्म आपणच भरतो ना, मग हे पुस्तकही आपणच वाचू. आज संध्याकाळी डॅशबोर्डचा कप्पा उघडा. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल!